दगडूचे कागद



इथे आपण बहुतेक जण जुन्या वाड्यांबद्दल, शाळांबद्दल, गायकवाडी काळातल्या आजी-आजोबांबद्दल लिहितो. मलाही तेच लिहायचं होतं. आमच्या पणजोबांनी राजवाड्याच्या खासगीत कारकुनी केली, आमचं घर दांडिया बाजारात होतं, मी एम. एस. युनिव्हर्सिटीतून १९७० साली बी.कॉम. झालो आणि पुढची सदतीस वर्षं बँकेत घालवली. पण सौ. म्हणाली, "ते सगळं कोणीही लिहील. तुम्ही दगडूबद्दल लिहा. लोकांना उपयोग होईल." म्हणून हे लिहितो. यात माझी शोभा फारशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दगडू म्हणजे आमच्या घरातला इग्वाना. मोठा हिरवा सरडा म्हणा. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला प्राणी. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत आज तो पावणेपाच फूट आहे, आणि त्यातली निम्म्याहून जास्त शेपटीच आहे. नातवाने त्याचं नाव ठेवलं होतं ड्रॅगो. तो तासन् तास दगडासारखा बसतो म्हणून सौ.ने त्याचा दगडू केला.

नातू इंजिनियरिंगसाठी आमच्याकडे राहायला होता. मुलगा-सून बेंगळूरूला. २०१९ साली दिवाळीच्या सुट्टीत तो मित्रांबरोबर मुंबईला गेला आणि येताना बुटाच्या खोक्यात हे पिल्लू घेऊन आला. वीतभर लांब, पोपटी रंगाचं, डोळे मिटून बसलेलं. साडेसहा हजार रुपये दिले होते. मी विचारलं, "पावती?" त्याने खिशातून एक चिठोरं काढलं. त्यावर रक्कम होती, तारीख होती, आणि 'एक लिझर्ड' असं लिहिलं होतं. दुकानाचा शिक्का नाही, नाव नाही, काही नाही.

मंडळी, मी कर्ज खात्यात पंधरा वर्षं काढली. समोरच्या माणसाने जमिनीचा उतारा आणला नाही तर मी त्याला चहासुद्धा न देता परत पाठवलेलं आहे. जामीनदाराची सही जरा वेगळी वाटली तर फाईल अडवली आहे. आणि स्वतःच्या घरात एक परदेशी प्राणी चिठोऱ्यावर आला तेव्हा मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "छान आहे हं."

दुकानदाराने नातवाला सांगितलं होतं, एवढाच राहतो, पालेभाजी खातो, काही त्रास नाही. पालेभाजी खातो एवढं खरं निघालं. बाकीचं सगळं आम्ही चुकत चुकत शिकलो. त्याला ऊन लागतं, आणि खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, कारण त्याला हवे असलेले किरण काच अडवते. ते मिळाले नाहीत तर अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडून वाकडी होतात. म्हणून खास दिवे आणायचे, आणि ते पेटताना दिसत असले तरी वर्षाच्या आत बदलायचे, कारण त्यातले कामाचे किरण आधीच संपलेले असतात. पालक रोज देऊन चालत नाही. जास्वंदीची फुलं, तुतीचा पाला, शेवग्याचा पाला, लाल भोपळा हे चालतं. बडोद्याची जानेवारीतली थंडी आपल्याला सुखाची, त्याला नाही. हा प्राणी स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवू शकत नाही. आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. हे शेवटचं वाक्य दुकानदाराने सांगायला हवं होतं, आणि आम्ही विचारायला हवं होतं.

जून २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, केंद्र सरकारने एक सूचना काढली. ज्यांच्याकडे परदेशी जातीचे जिवंत प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करावं, प्राणी कुठून मिळाला याचे कागद मागितले जाणार नाहीत. नातवाने मोबाईलवर वाचून दाखवलं. म्हणाला, "आजोबा, भरून टाकू कधीतरी." मी म्हणालो, "भर की." पुढे मुदत थोडी वाढवली गेली, तीही संपली. आम्ही भरलं नाही. मी रिटायर झालो होतो, कोणी ऑडिट करणारं नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

जानेवारी २०२३ मध्ये नातू शिकायला कॅनडाला गेला. जाताना दगडूला मिठी मारायला गेला तर त्याने फुगून मान हलवली. विमानतळावर नातू रडला, आजीसाठी आणि दगडूसाठी. बॅगा तेवीस-तेवीस किलोच्या होत्या. दगडू कुठल्याच बॅगेत नव्हता.

म्हणजे वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला सरडा झाला.

आता कोणी म्हणेल, पाला खाणारा प्राणी, त्यात धोकादायक काय? मलाही तसंच वाटायचं. फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट. वयात आलेला नर विणीच्या दिवसांत बदलतो. अंगावर केशरी झाक येते, गळ्याखालची झालर पसरते, मान वरखाली करून तो आपला इलाखा सांगत राहतो. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी सौ. नेहमीसारखी पाण्याचा वाडगा बदलायला वाकली आणि त्याने शेपटी फिरवली. चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला. डाव्या भुवईच्या वर जखम, सहा टाके पडले. अर्धा इंच खाली लागलं असतं तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. केसपेपरवर लिहिताना त्यांनी विचारलं, "कुत्रं?" सौ. म्हणाली, "नाही." मग आम्ही दोघंही गप्प. शेवटी मी म्हणालो, "सरडा." त्यांनी पेन खाली ठेवलं. मग अर्धा तास समजावून सांगितलं की अशा प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेलाचे जंतू येतात, हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने धुवा, त्याचे वाडगे स्वयंपाकघरात घासू नका. आम्ही चार वर्षं स्वयंपाकघरातच घासत होतो.

टाके काढले त्याच आठवड्यात पेपरात बातमी होती. २८ फेब्रुवारी २०२४ ला जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नवे नियम निघाले. मी ती बातमी तीनदा वाचली, आणि मग बँकेत सर्क्युलर वाचायचो तसा वही-पेन घेऊन बसलो. जे समजलं ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या कितीतरी घरांतून याबद्दल चुकीच्या समजुती आहेत.

एक, आपल्या देशातले जंगली प्राणी-पक्षी. १९७२ चा वन्यजीव कायदा त्यांना संरक्षण देतो. ते घरात पाळायचेच नाहीत, नोंदणीचा प्रश्नच येत नाही. वास्तुशांतीला कोणीतरी आणून देतं ते पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव यातच येतं. आणि मंडळी, पिंजऱ्यातला आपला हिरवा राघूसुद्धा यातच येतो. माझ्या आईने अकरा वर्षं पाळला होता. कायद्याने तो गुन्हा आहे हे मला सत्तरीनंतर कळलं.

दोन, परदेशी प्राणी. सायटीस नावाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, धोक्यात येऊ शकणाऱ्या जातींच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा. भारत त्यात १९७६ पासून आहे. पण देशाच्या आत आल्यावर तो प्राणी कोणाकडे आहे, हे विचारणारं कलम आपल्या कायद्यात नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. आता त्या कराराच्या याद्यांतल्या जाती आपल्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आहेत. इग्वाना त्यात आहे. हौशी मुलं पाळतात तो बॉल पायथन नावाचा आफ्रिकन अजगर त्यात आहे. असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंद करायची. प्राणी दुसऱ्याला दिला तर कळवायचं, पिल्लं झाली तर कळवायचं, मेला तरी कळवायचं. आधीपासून प्राणी बाळगून असलेल्यांना सहा महिने दिले होते. शेवटची तारीख २८ ऑगस्ट २०२४.

मी नातवाला फोन लावला. तो म्हणाला, "आजोबा, कशाला या भानगडीत पडता? पावती नाहीये आपल्याकडे, उगाच तुमच्यावर काहीतरी येईल. त्यापेक्षा कमाटीबागेत सोडून द्या ना. किती झाडं आहेत. मस्त राहील."

मला इतका राग आला की मी फोन ठेवला. रात्री झोप लागली नाही. राग नातवाचा नव्हता. त्याने जे मोठ्याने म्हटलं ते सौ.च्या भुवईवर टाके पडले त्या रात्री माझ्याही मनात येऊन गेलं होतं.

'सोडून द्या' या दोन शब्दांनी अमेरिकेत फ्लोरिडाचं काय झालं ते मी त्या दिवसांत वाचलं. तिथे लोकांनी हौसेने ब्रह्मदेशातले अजगर पाळले, ते पंधरा-सोळा फूट झाल्यावर दलदलीत नेऊन सोडले. आज एव्हरग्लेड्सच्या मोठ्या भागात रॅकून, ससे यांसारखे प्राणी दिसेनासे झाले आहेत. इग्वानाही तिथे रानोमाळ झाले. कालव्यांच्या भिंतींखाली बिळं करून भिंती खचवतात, आणि कडाक्याच्या थंडीत गारठून झाडांवरून टपाटप खाली पडतात. २०२१ मध्ये त्या राज्याने अजगर आणि इग्वाना दोन्ही बंदीच्या यादीत टाकले. ज्यांच्या घरी इग्वाना आधीच होते त्यांना परवाना घेऊन प्राण्याच्या अंगात ओळखीची चिप बसवायला लावली. इंग्लंडमध्ये तर १९७६ पासून कायदा आहे. मगर किंवा विषारी साप अशी धोकादायक जनावरं घरी ठेवायची तर स्थानिक कौन्सिलचा परवाना, त्याआधी पशुवैद्याकडून जागेची तपासणी, आणि दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईसाठी विमा. हे वाचून माझ्यातला कर्ज अधिकारी सुखावला. तारण, तपासणी, विमा. आम्ही एका स्कूटरच्या कर्जालाही एवढं करायचो.

शेवटी १९ ऑगस्टला मी शेजारच्या मुलाला बसवून अर्ज भरला. स्वतःच्या नावाने. जे होतं ते खरं लिहिलं आणि ते चिठोरंही स्कॅन करून जोडलं. पोच छापून घेतली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पासबुकांच्या खोक्यात ठेवली.

आणि आठ दिवसांत पूर आला.

बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. २६ तारखेला जन्माष्टमी होती. पाऊस थांबेना, आजव्याचं पाणी सुटलं, आणि २७ ला विश्वामित्री पस्तीस फुटांच्या वर गेली. आमचं कारेलीबागेतलं टेनामेंट, खाली तीन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची. दुपारी पाणी अंगणात, संध्याकाळी उंबऱ्यावर. वीज गेली होती. आम्ही दोघं म्हातारी माणसं जमेल तसं वर नेत होतो. आधी देव, मग कागदपत्रांचं खोकं, औषधं, शेगडी, तांदळाचा डबा. दगडूचा पिंजरा मागच्या व्हरांड्यात, सहा फुटांचा, लोखंडी. तो उचलणं शक्यच नव्हतं. पाणी गुडघ्याला आलं तेव्हा मी बॅटरी घेऊन तिथे उभा होतो. तो सगळ्यात वरच्या फांदीवर चढून बसला होता, एक डोळा माझ्याकडे.

आता जे सांगणार आहे ते अजून कोणाला सांगितलेलं नाही.

बँकेत असताना पूर ओसरला की आठवड्याभरात अर्ज यायचे. गोदामातला माल वाहून गेला. काहींचा खरंच गेलेला असायचा. काहींच्या गोदामात पुराआधीच माल नसायचा. पुराइतका सोयीचा साक्षीदार नाही, सगळं धुऊन नेतो आणि उलटतपासणीला येत नाही. त्या अंधारात माझ्या मनात नेमकं तेच वाक्य तयार झालं. पिंजऱ्याचं दार उघडायचं. 'दिनांक २७ रोजी पुरात वाहून गेला.' नातवावर काही नाही, माझ्यावर काही नाही, सौ.चा डोळा सुरक्षित, पुढच्या पंधरा वर्षांची चिंता नाही. कोणीही प्रश्न विचारणार नव्हतं. माझा हात कडीवर होता.

जिन्यावरून सौ.ने हाक मारली, "अहो, दगडूला आणताय ना?"

मी म्हणालो, "जमत नाहीये गं. चावेल तो."

ती पाण्यातून खाली आली. हातात जुनी जाड गोधडी. भुवईवरचा व्रण अजून लालसर होता. म्हणाली, "डोकं झाकलं की शांत होतो. शेपटी मी धरते."

मी गोधडी टाकली, तिने शेपटी धरली. त्याने माझ्या मनगटावर नख्यांनी तीन ओरखडे काढले, ते आजही आहेत. तो दोन रात्री आमच्या वरच्या न्हाणीघरात राहिला. आम्ही त्याला कुंडीतली जास्वंद घातली, आणि स्वतः पोहे खाल्ले, दुधाशिवाय चहा प्यालो.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी चिखलात एक मगर सापडली. आठ-नऊ फुटांची. त्या तीन दिवसांत शहराच्या वस्तीतून २४ मगरी पकडल्या गेल्या. वनखात्याची माणसं आणि काही स्वयंसेवक मुलं आली. ओलं पोतं डोळ्यांवर, जबड्याला दोरी, चौघांनी उचलली आणि गाडीत. कोणी आरडाओरडा केला नाही. गल्लीतल्या एका गुजराती आजींनी लांबूनच हात जोडले, खोडियार मातेचं वाहन ते. मी लहान असताना वडील काळ्या घोड्याजवळच्या पुलावर उभं करून म्हणायचे, "खाली बघ, ती बसलीय. ती तिच्या घरात आहे, आपण आपल्या." आज या नदीत शहराच्या हद्दीत चारशेच्या वर मगरी आहेत. त्या कोणाच्या मालकीच्या नाहीत. पण आली की कोणाला फोन करायचा, कशी धरायची, कुठे नेऊन सोडायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्यातलाच एक मुलगा पाणी प्यायला वर आला. न्हाणीघरातून खसखस ऐकून त्याने दार किलकिलं केलं, आणि वळून मला पहिला प्रश्न विचारला, "काका, कागळ छे ने?"

मी पासबुकांच्या खोक्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि पोच दाखवली. त्याने तारीख पाहिली, मान हलवली. मग दगडूला नीट पाहिलं आणि म्हणाला, जागा लहान आहे, शेपटीचं टोक घासून काळं पडलंय. कागद बरोबर होता. पिंजरा बरोबर नव्हता. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. कागद झाला म्हणजे पाळणं झालं असं नाही, हे मी त्या पोराकडून शिकलो.

जाता जाता मी त्याला विचारलं, ही मगर कुठे सोडणार? म्हणाला, "नदीमां ज, काका. एनुं घर छे."

मगरीला नदीत सोडतात ते खरं सोडणं. दगडूला सोडलं असतं तर ते सोडणं नव्हतं, टाकणं होतं. त्याचं घर या देशातच नाही. थंडीने मेला असता, कुत्र्यांनी फाडला असता, नाहीतर जगला असता आणि दुसऱ्या कोणाच्या तरी नातवंडाच्या चेहऱ्यावर शेपूट मारली असती.

पूर ओसरल्यावर पिंजरा वर हलवला आणि दुप्पट केला. वाडगे आतूनच बदलता येतील अशी लहान खिडकी लोहाराकडून करून घेतली, म्हणजे समोर वाकायला लागत नाही. नोंदणीच्या कामासाठी वनखात्याच्या कचेरीत दोन खेपा झाल्या. कोणी अपमान केला नाही. उलट एकाने विचारलं, "तुम्ही स्वतःहून आलात?"

गेल्या हिवाळ्यात नातू आला. दोन दिवस दगडूने त्याला ओळख दिली नाही, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातून भोपळा खाल्ला. मी त्याला पुराच्या रात्रीची कडीची गोष्ट सांगितली नाही. आता इथे वाचेल. मी फक्त एक प्रश्न विचारला, "मी आता पंच्याहत्तर. हा अजून दहा-पंधरा वर्षं जगेल. माझ्यामागे कोण?" बँकेत प्रत्येक खात्याला आम्ही नॉमिनी विचारायचो, आणि तरुण माणसं हसून ती जागा कोरी सोडायची. तोही कोरा बघत राहिला. कॅनडाला नेणं सोपं नाही, दोन्हीकडचे परवाने लागतात. मग त्याने स्वतः फोन करायला सुरुवात केली. आमच्या पुतणीचा मुलगा आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. तो तयार झाला. वेळ येईल तेव्हा हस्तांतर रीतसर कळवून करायचं, आणि तोपर्यंत दिव्यांचा आणि विजेचा खर्च नातवाने पाठवायचा, असं ठरलं. तो पाठवतो, महिन्याच्या एक तारखेला.

माझ्या मृत्युपत्रात आता घर आहे, ठेवी आहेत, आणि तिसऱ्या कलमात दगडू आहे. वकील हसले. मी हसलो नाही.

मंडळी, तुमच्या घरात, नाहीतर तुमच्या नातवंडांच्या खोलीत, काचेच्या पेटीत काही असेल तर आज जाऊन नीट बघा. पोर आणणार असेल तर आधी चार प्रश्न विचारा: किती मोठा होणार, किती वर्षं जगणार, कागद कुठे आहेत, आणि तू गेल्यावर कोण बघणार. उत्तर नसेल तर आणू देऊ नका. आणलेला असेल तर लपवू नका, वनखात्याला विचारा. आणि कृपा करून सोडून देऊ नका.

सौ. हाक मारतेय. सकाळची जास्वंद तोडायची आहे. पहिली चार फुलं देवाला, बाकीची दगडूला.

— एक निवृत्त बँक अधिकारी, कारेलीबाग, बडोदे